नदीपलीकडचं घर

चिलोंगो, लुआंग्वाकाठ
२ ऑगस्ट १९९६

ती. अक्कास,
धाकट्या योतामूचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मेलियाचा गुडघा धरला होता तो सुटला. तुझी भावजय पुन्हा भुईमुगाच्या रानात जाऊ लागली आहे. नदी उतरली, वाळूचे पट्टे उघडे पडले, आणि पाहुण्यांचा मोसम जोरात आहे. रोज सकाळी त्यांना जंगलात पायी नेतो. पुढे बंदूकवाला, मागे मी, मग पाहुण्यांची रांग, आणि सगळ्यांत शेवटी चहाची किटली घेतलेला माणूस. काल एक बाई हत्तीच्या लिदीचा फोटो काढायला चक्क गुडघ्यांवर बसल्या. आई असती तर कपाळाला हात लावला असता.

आता मुख्य बातमी. नोव्हेंबरअखेर मी निवृत्त होतोय. शेवटच्या आठवड्यात घरच्या एका माणसाला पाहुण्यांच्या गाडीतून अभयारण्य दाखवायला साहेबांनी परवानगी दिली आहे. कोणाला नेऊ असं मी विचारायच्या आत मेलियानं तुझं नाव घेतलं. तू तिकडे दूर कित्वे शहरात गेलीस ती गेलीसच. माझ्या लग्नालाही आली नाहीस, आता निवृत्तीला तरी ये.

भाची लुसुंगूला आशीर्वाद. नदी आटते तसा आपला लोभ आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा
योतामू

*

कित्वे
२५ ऑगस्ट १९९६

चि. योतामूस,
अक्काचे अ. आ.

पत्र पोचलं. मेलियाच्या गुडघ्याला एरंडाचं तेल गरम करून लाव म्हणावं, आणि रानातलं काम तूही जरा कर. हत्तींचा जावई झालास म्हणून घरात पाय पसरून बसू नकोस.

तुझ्या बोलावण्याचं वाचून लुसुंगू फार हरखली. आई, जा ना, लोक विमानानं येतात बघायला, असं तिचं चाललंय. मी तिला सांगितलं, हत्ती मी आयुष्याला पुरतील एवढे पाहिलेत. मक्याच्या शेतात पाहिले. बाबांच्या राखणीच्या माचाखाली पाहिले. सकाळी मोडलेला माच आणि त्याच्याखाली बाबा, तेही पाहिलं. तू लहान होतास, तुला आत्यानं घरात धरून ठेवलं होतं. मला कोणी धरलं नाही.

तू त्या जनावरांच्या मागे पोटासाठी गेलास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला गाडीत बसवून त्यांचं कौतुक करायला लावू नकोस. निवृत्त झालास की तूच इकडे ये. वाळवलेली मासळी आणून ठेवते.

राग मानू नये, माया आहेच.

तुझी
अक्का

*

चिलोंगो
१९ सप्टेंबर १९९६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेलियानं मोठ्यानं वाचलं. ‘हत्तींचा जावई’ इथवर आली आणि हसत सुटली. पुढचं वाचताना तिचा आवाज खाली गेला.

मी आग्रह करत नाही. एकच सांगतो. पूल ओलांडला की दुसऱ्या वळणावर आपल्या घराची जागा लागते. बाबा गेल्यावर आपण सगळे अलीकडच्या तीरावर आलो, तेव्हापासून तिकडे कोणी राहिलं नाही. भिंती मातीत गेल्या. ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे काहीच दिसत नाही. इतकी वर्षं दुपारच्या फेरीत मी त्या वळणावर गाडी हळू करतो आणि पाहुण्यांना दुसऱ्या बाजूचे पक्षी दाखवतो. सांगितलं तर ते हळहळतील, आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागेल.

ज्याला काहीच सांगावं लागणार नाही अशा माणसाशेजारी तिथे एकदा थांबावं, एवढंच मनात आहे. असं माणूस आता जगात एकच उरलंय.

यायचं की नाही ते तू ठरव. पण उत्तर मात्र धाड.

तुझा
योतामू

*

चिलोंगो
२८ नोव्हेंबर १९९६

चि. लुसुंगूस,
आईचे अ. आ.

सुखरूप पोचले. बसनं हाडं खिळखिळी झाली, पण मेलियामामीनं भोपळ्याच्या पानांची भाजी शेंगदाण्याचं कूट घालून केली होती. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा त्यात बुडवला आणि शीण गेला. मामाचं डोकं पांढरं झालंय. जीभ तेवढी तीच. मी चर्चला जायचा झगा घालून गाडीत चढले, तर म्हणाला, अक्का, सिंह काय पाद्री आहे का?

होय, गेले मी. इथवर यायचं तर नदी ओलांडून घराची जागा बघूनच परतायचं, असं बसमध्ये ठरवलं होतं.

गाडीत परदेशातलं एक म्हातारं जोडपं होतं. हरिण दिसलं तरी ते देवळात बोलावं तसं कुजबुजत. उन्हं कलली होती. दुसऱ्या वळणावर मामानं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. घराचा मागमूस नव्हता. पण तुझ्या आजीनं लावलेला आंबा उभा होता. माहेरून येताना ओच्यात कोय बांधून आणली होती तिनं. झाड फळांनी लगडलेलं, आणि त्याच्याखाली हत्ती. एक थोराड मादी फांदी हलवत होती, पिल्लू खाली पडलेले आंबे वेचत होतं.

ती परदेशी बाई हळूच काहीतरी बोलली. मी मामाला अर्थ विचारला. किती शांत जनावर आहे, असं म्हणाली होती.

मी मामाला म्हटलं, “तिला सांग, इथे आमची चूल होती.”

मामा पाहुण्यांकडे वळून बसला. मग सांगू लागला. मी म्हटलं त्याहून कितीतरी जास्त सांगत होता, ते त्याच्या हातांवरून मला कळत होतं. माच, ढोल, मका. आमचं माहेरचं आडनाव न्जोवू, म्हणजे हत्तीच. म्हणून तुझे आजोबा माचावरून त्यांना शिव्या देत नसत, भावकीला घालावी तशी साद घालत. बहुतेक वेळा हत्ती वळत. त्या वर्षी वळले नाहीत. हे सगळं त्यानं सांगितलं.

बाईनं कॅमेरा मांडीवर ठेवला. नवऱ्यानं टोपी काढली. दोघांनी हळहळ केली नाही, ते मला बरं वाटलं. थोड्या वेळानं बाईनं मामाकरवी विचारलं, ती साद तुम्हाला आठवते का?

मी उभी राहिले. गाडीत उभं राहायचं नसतं, पण मामानं अडवलं नाही. बाबांच्याच चालीवर, फार मोठ्यानं नाही, साद घातली: “भावकीतल्यांनो, पोट भरलं, आता घरी जा.”

मादीनं कान पसरले आणि आमच्याकडे तोंड केलं. मामाचा हात चावीवर गेला. ती तशीच उभी राहिली, आम्हीही. मग वळली आणि पुन्हा फांदी हलवू लागली. धपाधप आंबे पडले.

मला हसू आलं. बाबांचं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार, असं मी मामाला म्हटलं. तोही हसला. हसता हसता दोघांचं कधी रडं झालं ते समजलं नाही. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. बाई पुढे वाकून माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, आणि कितीतरी वेळ कोणालाच गाडी हलवायची घाई नव्हती.

काळजी करू नकोस. पुढल्या आठवड्यात निघते. दाराला कडी लावून झोपत जा, आणि आईची आठवण काढायला विसरू नकोस.

तुझी
आई

*

कित्वे
१५ डिसेंबर १९९६

चि. योतामूस, सौ. मेलियास,
अक्काचे अ. आ.

घरी पोचले. तुम्ही बांधून दिलेला भुईमूग शेजारीपाजारी वाटला. सगळ्या एकच विचारतात, काय काय बघितलंस? सिंह दिसला का, बिबट्या दिसला का? मी सांगते, माझं घर बघितलं. त्यांना वाटतं, म्हातारीची गंमत चाललीय.

योतामू, तुला आता सकाळी उठून काय करावं ते सुचत नाही, असं मेलियानं कळवलंय. मला बोलला नाहीस, पण शेवटच्या दिवशी तू पाहुण्यांना वळणावर थांबवून आपणहून सगळं सांगितलंस, हेही लिहिलंय तिनं. बरं केलंस.

मी निघताना तू विचारलं होतंस, राग गेला का? बसमध्ये विचार करत आले. राग गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही; बाबांचं तेवढंच तर उरलंय माझ्याकडे. पण आपण दोघं म्हातारे झालो, आई जाऊन किती काळ लोटला, आणि तिच्या हातचं अजून कोणीतरी पोटभर खातंय. ते डोळ्यांनी पाहिलं, आणि आता त्यांना उपाशी जा असं माझ्यानं म्हणवत नाही.

बाकी भेटीअंती. मेलियाच्या गुडघ्याकडे लक्ष ठेव.

तुझी
अक्का