यॉर्कमधलं आभारप्रदर्शन

विलेपार्ले, ६ मे
उद्या निघायचं. यॉर्क, लेकीकडे, मुग्धाकडे. व्याख्यानांतून आयुष्यभर ज्या इंग्रजांना सोलून काढलं, त्यांच्याच गावी. ही येत नाही, गुडघा. बॅगेत लवंगांची डबी टाकली. म्हणाली, "घशासाठी. आणि घसा बसलाच, तर लेक तरी सुटेल."

यॉर्क, ११ मे
उद्या गाव बघायचं. दाखवणार शेजारच्या मार्गारेटबाई. निवृत्त शिक्षिका, हौसेने लोकांना फिरवतात. नातीला, ईराला, शाळेतून आणतात, मुग्धा ऑफिसातून येईपर्यंत सांभाळतात.
मुग्धाने बजावलं, "बाबा, त्या दुखावल्या तर माझी नोकरी गेली समजा. उद्या भाषण नको." शब्द दिला. बोलावंसं वाटलं की लवंग.

१२ मे
रविवार, म्हणून मुग्धाही बरोबर. गावाच्या तटावरून चाललो. रायगड चढलेल्या माणसाला तट काय दाखवता... लवंग. चर्चच्या रंगीत काचा मात्र! चांगल्याला चांगलं म्हणावं. मनातल्या मनात म्हटलं.
बाहेर रोमन खांब. बाई सांगू लागल्या: रोमनांनी राज्य केलं खरं, पण रस्ते दिले, न्हाणीघरं दिली, आम्हाला शहाणं केलं. दोन लवंगा एकदम. जीभ बधिर.
फेरी संपली. लोक टाळ्या वाजवून चक्क पांगायला लागले. आभार नाहीत, काही नाही. पार्ल्यात सोसायटीची सभासुद्धा आभाराशिवाय उठत नाही. पुढे झालो. मुग्धाने कोट ओढला. म्हटलं, हे भाषण नव्हे, आभारप्रदर्शन आहे.
बाईंचे मानले, उघडीप दिल्याबद्दल पावसाचे, तट बांधणाऱ्या गवंड्यांचे. मग रोमनांवर आलो. "रस्ते दिले म्हणून राज्यकर्त्यांचे आभार मानायचे नसतात, बाई. ते रस्ते त्यांच्याच फौजेसाठी असतात. आम्हाला विचारा."
पांगलेले परत आले. बाई छत्री टेकून ऐकत राहिल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. मुग्धा घरापर्यंत दहा पावलं पुढेच चालली.

१३ मे
सकाळी निघताना मुग्धा एवढंच म्हणाली, "ईराला त्या आणतात का, बघू." दिवसभर खिडकीशी. वाचन शून्य.
संध्याकाळी मुग्धा घरात शिरते तोच बाई दारात. ईरा त्यांचं बोट धरून. हुश्श.
मग बाई मुग्धाला म्हणाल्या, "शनिवारी पुन्हा फेरी आहे. वडिलांना पाठवशील? रोमनांपाशी आले की मी थांबेन. पुढचं ते बोलू देत." मुग्धा म्हणाली, विचारून सांगते.
मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. तिने अजून विचारलेलं नाही. माझ्यापुढे चहा मात्र आणून ठेवला. शेजारी लवंगांची डबी, पुन्हा काठोकाठ भरलेली.