भिंत भरीवच ठेवावी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, शाळेतून निवृत्त पण बोलण्यातून अद्याप निवृत्त नाही, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तो उभ्या आयुष्यात कोणाला जमला नाही, आता काय जमणार! डॉक्टरांनी दाखल्यात लिहिले होते, 'स्मरणशक्ती उत्तम, आवाज गरजेपेक्षा जास्त.' दुसरे वाक्य वकिलांनी खोडायला लावले. मी ते कायम करीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझ्या धाकट्या भावाला फक्त एक छत्री दिली होती. छत्री मोडली, रागही मोडला.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला, द्यावे. ती दातांची डॉक्टर आहे. माणसांनी तोंड उघडे ठेवून गप्प बसावे, हे तिला रोज जमते. मला एकाही सभेत जमले नाही. मोर्च्यांतला माझा हातातला कर्णाही तिलाच. दवाखान्यात पुढच्या पेशंटला हाक मारायला उपयोगी पडेल.

२. बँकेतली ठेव भावजयीला. धाकटा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो त्या सगळ्या वर्षांत ती दोन्ही घरी चहा पीत राहिली आणि इकडचे तिकडे पोचवताना त्यातल्या शिव्या गाळत राहिली. अशा माणसांवर घरे उभी राहतात आणि त्यांचा सत्कार कोणी करत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. पुस्तके माझ्या शाळेला. अट एकच: कपाटांना कुलूप नको. कुलपातले पुस्तक आणि वीट यांत मला फरक दिसत नाही.

४. आता मुख्य मालमत्ता. ती कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती धाकट्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ते आपले वाचनालय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या छोट्या विमानतळाच्या कुंपणापलीकडे सार्वजनिक वाचनालय होते. धावपट्टी लांबवायचे ठरले, तेव्हा ते आड आले. मी त्याच्या पायऱ्यांवर उभी राहून घसा फाटेपर्यंत बोलले. धाकटा त्याच विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात नोकरीला. त्याने चौकशीत साक्ष दिली की इमारतीचे छप्पर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत येते. वाचनालय पडले.

"तू पाडलंस," मी म्हणाले.

"ताई, मी उंची सांगितली. पाडलं त्यांनी."

त्यानंतर आमचे बोलणे संपले.

तो निवृत्त झाल्यावर भावजयीने मला एकदा चहाला बोलावले. धाकटा पडद्यासमोर बसून विमान चालवत होता. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. सगळी पृथ्वी त्यात आहे. विमान आमच्याच गावावर उतरत होते. मनोरा होता, कँटीनसुद्धा होते. आणि धावपट्टीच्या टोकाला, वाचनालयाच्या जागी, नुसते गवत.

"इथे गवत?" मी विचारले. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेले माझे पहिले शब्द.

त्याने मागे न बघता सांगितले, "बनवणाऱ्यांना काय माहीत, ताई. पण आपली इमारत आपल्याला करून ठेवता येते यात. शिकावं लागतं."

"मग शिकव."

एकेक भिंत उभी केली. जुने फोटो त्यांवर चिकटवले. नकाशावर ठेवली, तर इमारत हातभर हवेत तरंगायला लागली. खाली घेतली, तर खिडक्यांपर्यंत जमिनीत गेली. धाकटा म्हणाला, "तुझ्या भाषणांसारखीच आहे. एकतर हवेत, नाहीतर गळ्यापर्यंत रुतलेली." नंतर लक्षात आले की हिरवे दिसेल तिथे सिम्युलेटर आपणहून झाडे लावतो. वाचनकक्षाच्या छपरातून एक झाड डोकावत होते.

"काढ ते."

"अगं, झाडं वाचवा म्हणून तूच माईक फोडला होतास ना?"

"झाडाला वाचायचं असेल तर दारातून यावं!"

मग इमारतीभोवती झाडांना मनाई असलेली हद्द आखली. ती आखताना आम्ही दोघे कितीतरी वर्षांनी एकत्र हसलो.

एका दुपारी त्याचे विमान माझ्या डोळ्यांदेखत वाचनकक्षात शिरले, कोशांच्या कपाटातून बाहेर पडले आणि सुखरूप उतरले. भिंतीला ओरखडाही नाही! प्रत्येक इमारत भरीव ठेवायची की पोकळ, हे तिथे ठरवता येते. या पठ्ठ्याने माझे वाचनालय गुपचूप पोकळ केले होते.

"रोज आपटतो गं मी! तुझं वाचनालय माझ्या धावपट्टीच्या तोंडात आहे."

"तुझी धावपट्टी माझ्या वाचनालयाच्या तोंडात आहे. आधी कोण होतं?"

ज्या भिंतीतून विमान आरपार जाते ती भिंत नव्हे, शोकसभेतला फोटो आहे. मी ती त्याच क्षणी पुन्हा भरीव केली. त्याने आव्हान घेतले. छपरावरून येऊन पुढे झपकन खाली उतरायचा सराव सुरू झाला. स्वयंपाकघरातून भावजय विचारायची, "आज किती वेळा वाचनालयात गेलात?" अखेर जमले.

"छोटं विमान जमतं," तो म्हणाला. "मोठं नाही जमत. मी खोटं बोललो नव्हतो, ताई."

"मग मोठं विमान हवं होतं कोणाला?"

या वादाचा निकाल लागलेला नाही. मृत्युपत्राने तो लावू नये.

५. भाचीने बाबांसाठी नवा कॉम्प्युटर आणला. तो खोक्यातच आहे. नव्या सिम्युलेटरमध्ये पृथ्वीही नवी. आपली इमारत तिथे आपोआप येत नाही. धाकटा म्हणतो, "ताई आहे तोवर जुनंच बरं. नंतर कोण ठेवणार आहे ते?" म्हणजे ते जुने यंत्र बंद पडेल त्या दिवशी वाचनालय दुसऱ्यांदा पडणार. एकदा मी हरले. दुसऱ्यांदा, मेल्यावरसुद्धा, हरणार नाही.

म्हणून भाचीला सर्व काही शिकवले आहे आणि इमारतीची प्रत तिच्या दवाखान्यात ठेवली आहे. रडारड आटोपली की तिने खोके उघडावे. नव्या पृथ्वीवर जमीन वरखाली झालेली असेल, म्हणून जुन्या आकड्यांवर विसंबू नये. विमान चाकांवर पायऱ्यांपाशी न्यावे आणि डोळ्यांनी बघावे. शेवटची पायरी जमिनीला टेकली पाहिजे. झाडांची हद्द पुन्हा आखावी. भिंत भरीवच ठेवावी.

६. वरील कलमाला एक अपवाद.

धाकट्याचा हात हल्ली थरथरतो. दोष तो विमानाच्या दांड्याला देतो, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. छप्पर ओलांडणे आता त्याला क्वचितच साधते. परवा भाची मला म्हणाली, "आत्या, बाबांनी रोज हरायचं का गं?" तत्त्वनिष्ठेवर माझे भाषण तयार होते. मी ते केले नाही. हे कोणीतरी नोंदवून ठेवावे.

तर, ज्या दिवशी तो स्वतः म्हणेल की आता जमत नाही, त्याच दिवशी, आधी नाही, भाचीने माझ्या संमतीने भिंत पोकळ करावी. धाकट्याने सरळ आत यावे. आमच्या वाचनालयाने उशिरा आलेल्याला कधी परत पाठवले नाही. 'शांतता राखा' ही पाटी तशीच राहील. इंजिनाचा आवाज फक्त त्याला माफ.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: ताई (कायद्याला लागते ती पूर्ण सही वकिलांच्या प्रतीवर)

साक्षीदार: वरील बाईंनी हे आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचले आणि सही केली. वाचताना त्यांनी आम्हाला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही, यावरून त्या पूर्ण शुद्धीत असल्याची आमची खात्री पटली. सहाव्या कलमापाशी मात्र त्या थांबल्या आणि पाणी प्यायल्या.

सही: समोरचे घड्याळवाले
सही: तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई