इरल्याचे मार्गदर्शक

२ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प: ऑनलाइन ज्ञानकोशावर नव्यानं लिहिणाऱ्यांना हाताला धरून त्यांचे लेख सुधारून द्यायचे. तिथं कोणीही लिहू शकतं, म्हणूनच अनुभवी माणसाची गरज. कचेरीत चौतीस वर्षं लोकांचे मसुदे लाल शाईनं सुधारले, त्यापुढे हे काय! खातं उघडलं: 'मार्गदर्शक_आनंद'. शुभा म्हणाली, आधी गॅसचं बुकिंग करा. मोठ्या कामाला घरातून पाठिंबा कमीच मिळतो.

५ जानेवारी
वाचनालयात पहिला वर्ग. खुर्च्या तीस, माणसं दोन. निवडक गट बरा. वेल्ह्याकडचे माजी सरपंच गेनबा आणि उत्रोलीची अंगणवाडीसेविका सुलक्षणा. तिला इरल्यावर लिहायचंय. पावसात भात लावताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूचं आणि पानांचं. म्हणाली, गावात आता ते विणणाऱ्या माझ्या सासूबाई साळूबाईच राहिल्यात, आणि त्यांचे डोळे अधू झालेत. त्या हायेत तवर नीट लिवून ठेवायचंय, सर.
विषय किरकोळ, पण माझा हात लागला की उभा राहील. जाहीर केलं: २६ जानेवारीला लेख मोठ्या पडद्यावर आणि मार्गदर्शकाचा सत्कार. शाल मीच आणून ठेवली. वाचनालयवाल्यांची निवड मला माहीत आहे.

८ जानेवारी
सुलक्षणाचा लेख फार कोरडा. बांबू कसा सोलायचा, पानं कुठली, वीण कशी. बस्स. मी सुरुवात घातली: 'सह्याद्रीच्या कुशीत मेघराजाला आव्हान देणारी ही अलौकिक कलाकृती...' संध्याकाळपर्यंत कोणीतरी काढून टाकली. ज्ञानकोशावर मत्सर फार.

१२ जानेवारी
'छापील संदर्भ द्या' असा शेरा आला. मी लगेच दिला: 'आनंद, निवृत्त हेडक्लार्क, यांची खात्रीलायक माहिती.' तोही उडवला! सुलक्षणाला धीर दिला, म्हटलं संदर्भ म्हणजे नुसती औपचारिकता. ऐकलं नाही. रजा टाकून, कापूरहोळला गाडी बदलून पुण्याच्या ग्रंथालयात गेली. शेतीच्या अवजारांवरचं जुनं पुस्तक सापडलं म्हणे, पान नंबरासकट. बिचारीचा दिवस वाया गेला.

१७ जानेवारी
गेनबांनी लेखाच्या तळाशी बावीस नावं घातली. वर मथळा: 'शुभेच्छुक'. झापलं. म्हणाले, नावं न्हाई घातली तर मान्सं रुसत्यात सर, मला गावात फिरायचं हाय. समजावलं की ज्ञानकोश म्हणजे चौकातला फ्लेक्स नव्हे. सगळी नावं काढली. मग जागा ओकीबोकी दिसायला लागली, म्हणून एकच ओळ घातली: 'मार्गदर्शक: आनंदराव, भोर.' ही जाहिरात नाही, माहिती आहे.

१९ जानेवारी, दुपार
ओळ गेली. घातली. गेली. घातली. चार वेळा. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संध्याकाळ
खात्यात तांत्रिक अडचण. 'आठ दिवस संपादनास मनाई' असं येतंय. सर्व्हर कमकुवत असावा. शुभानं खांद्यावरून वाचलं आणि चहा टाकायला गेली. आतून हसल्यासारखा आवाज आला. भांड्यांचा असेल.

२३ जानेवारी
लेख सुलक्षणा एकटीच पुढे नेतेय. साळूबाई मांडीवर इरलं घेऊन बसल्यात असा फोटो टाकलाय. माझं एकही विशेषण शिल्लक नाही. शिष्यानं स्वावलंबी व्हावं, हीच माझी पद्धत. सत्काराला उत्तराचं भाषण पाठ झालं.

२६ जानेवारी, दुपार
झेंडावंदनानंतर वाचनालय भरलं. गेनबांचे बावीस जणही आले, आपापलं नाव बघायला. मी ऐटीत खात्यात शिरलो आणि 'संपादन' दाबलं. पडद्यावर हातभर अक्षरांत आलं: 'मार्गदर्शक_आनंद यांना मनाई. कारण: लेखात वारंवार स्वतःचं नाव घालणे.'
गेनबांनी ते मोठ्यांदा वाचलं. मग म्हणाले, सर, आमच्या बावीस मान्सांनीच काय घोडं मारलं व्हतं? लोक हसले. कान तापले माझे.
सुलक्षणानं लॅपटॉप आपल्याकडे ओढून लेख उघडला. साळूबाई पहिल्या रांगेत होत्या, पण त्यांना पडद्यावरचं दिसेना. म्हणून तिनं सगळा वाचून दाखवला. ऐकता ऐकता म्हातारीची बोटं पदरावर वीण घालत होती. शेवटी म्हणाल्या, बरुबर हाय गं. आता म्या नसले तरी कुनीबी वाचून इनंल.
लेखात माझा एक शब्द नव्हता. भाषण खिशातच राहिलं, शाल टेबलावर होती. उचलली आणि साळूबाईंच्या खांद्यावर घातली. त्यांनी ती चाचपली आणि सुनेला विचारलं, ह्ये कोन?
सुलक्षणा म्हणाली, आत्या, शाल ह्येंनी आनली.
घरी येऊन शुभाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच काही न गाळता. ती म्हणाली, शाल दिलीत हे बरं केलंत. उद्या माझी मनाई उठते. आज गॅसचं बुकिंग केलं.