आष्टीच्या पुलाअलीकडे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मेली! आष्टीच्या अलीकडच्या चढावर गाडी मेली. मागे बांबूचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.

साठपर्यंत बरी होती. ट्रॅक्टरच्या पुढे काढायला पाय दाबला — अशा वेळी टर्बो शीळ घालतो आणि गाडी झेप घेते, तेच तर मला आवडतं हिचं — तर झेप नाहीच. नुसते धक्के. मग पिवळा दिवा. मग बंद.

दहा मिनिटांनी आपोआप सुरू! तीसच्या वेगाने अहेरीला परत. बाबा शेजारी बसलेले. "जुनी गाडी हाये, कायले लांब नेतेस?" एवढंच बोलले. मला वाटलं, त्यांना बरंच वाटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थंड होईल.

चंद्रपूरच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. कायम! इथे सहा वर्षं कंत्राटावर काढली. रुजू व्हायची शेवटची तारीख २०.

बाबा एकटे राहणार. म्हणून शब्द दिला — दर शनिवारी येईन. ड्युटी सुटेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असणार, म्हणून ऑगस्टमध्ये ही सेकंडहँड गाडी घेतली. आणि बाबा माझ्याकडे येतील म्हणावं, तर तेही नाही. आईला चंद्रपूरहून शेवटचं घरी आणलं त्या दिवसापासून त्यांनी आष्टीचा पूल ओलांडलेला नाही. दोन वर्षं! तीस वर्षं बांबूचे ट्रक चालवलेला माणूस. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही गेले नाहीत.

गाडी नाही तर शनिवार नाही. शनिवार नाही तर मी जाऊ कशी?

५ नोव्हेंबर, बुधवार

विक्कीच्या गॅरेजला. स्पार्क प्लग बदलले. म्हणाला, "आता पळवा ताई, बिनधास्त."

आलापल्लीपर्यंत पळाली. पुढे पुन्हा तेच.

८ नोव्हेंबर, शनिवार

टर्बोचा पाइप फाटला असेल म्हणून विक्कीने सगळे पाइप काढून पाहिले. साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. गावात फिरवली तर ठणठणीत! बाजारात जा, लॅबला जा, गुणी मुलीसारखी चालते. गाव सोडलं की मरते. माझ्यासारखीच. हसू आलं आणि मग रडू आलं, भर गॅरेजात. विक्की बिचारा पाना पुसत राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं!

विक्कीने मित्राकडून प्रेशर मोजायचं घड्याळ आणलं. पेट्रोलच्या पाइपला जोडलं, लांब नळी बोनेटमधून बाहेर काढली आणि घड्याळ समोरच्या काचेवर चिकटपट्टीने चिकटवलं, तोंड आमच्याकडे. मी चालवायला, विक्की शेजारी, बाबा मागे. उभ्या गाडीत काटा चारवर. आलापल्लीच्या पुढे पाय दाबला — तीन. चढावर दोन. मग त्याच्याही खाली, आणि धक्के सुरू. विक्की सीटवर उडालाच. "पाहा! टर्बो हवा ढकलून राह्यला, अन् पेट्रोलच कमी पडून राह्यलं! टाकीतला पंप गेला, ताई."

तशीच दामटत आष्टीपर्यंत नेली. पूल दिसला. मागून बाबा — "इथूनच वळव." आवाज असा की वळवलीच. विक्कीने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पंप बाहेर काढला. मागच्या सीटखाली गोल झाकण असतं, हे मला माहीतच नव्हतं. आधी तारेत वीज बरोबर येते का ते पाहिलं — येते. म्हणजे दोष पंपाचाच. झाकण उघडलं आणि पेट्रोलचा असा भपकारा की डोळे चुरचुरले. पंपाचं बूड काळं पडलेलं, जाळीत गाळ.

विक्कीने विचारलं, "टाकी नेहमी रिझर्ववरच ठेवता का? हा पंप पेट्रोलात बुडून राह्यला पाहिजे. पेट्रोलच त्याले थंड ठेवते. हा कोरडाच फिरून जळला."

पेट्रोल भरणं बाबांचं काम. पहिल्या दिवसापासून त्यांनीच मागून घेतलं होतं. काटा कायम लाल रेघेवर — मी म्हणायचे, म्हाताऱ्याची काटकसर!

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबांशी भांडले. खूप.

"ट्रकात खेपेपुरतंच डिझेल ठेवाचं," म्हणाले. "जंगलात मुक्काम पडला का सकाळी टाकी कोरडी. लोकं काढून न्यायचे. तेच अंगवळणी पडलं."

मी म्हटलं, हा ट्रक नाही! दारात उभी असते गाडी, कोण चोरतंय? मला इथे डांबून ठेवायचंय, तसं सरळ सांगा ना! आणखीही बोलले. ते लिहवत नाही.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुले नाई वं. टाकी भरली का तू म्हणशीन, चला बाबा, चंद्रपूर पाहून येऊ. म्हणून आष्टीपुरतंच टाकत होतो. जाऊन येऊन. पंप जळते, हे मले काय मालूम."

भाजी तशीच राहिली. दोघंही जेवलो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पंप नागपूरहून निघालाय म्हणे. तीन दिवस निघतोच आहे. पाच दिवस उरले.

बाबा माझ्याशी बोलतात, पण दाराकडे बघून. अंगणात गाडी, मागची सीट उपटलेली. घरात आम्ही दोघं. श्वास कोंडतो माझा या घरात. त्यांचाही कोंडत असेल, हे आज पहिल्यांदा सुचलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आला! बसला!

विक्कीने आधी टाकीतला गाळ काढला, मग नवा पंप, नवं रबर. किल्ली अर्धी फिरवली — सीटखालून 'घूं' आवाज आला आणि थांबला. दोनदा तसं केलं, मग स्टार्ट. आष्टीच्या चढावर घड्याळाचा काटा चारवरून हलला नाही. आणि ती शीळ! मी ओरडलेच. घरी परतल्यावर विक्की म्हणाला, "टाकीचा काटा अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. काकांनाही सांगा."

काका अंगणातच होते. ऐकलं त्यांनी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बॅग भरली. उद्या गाडीने निघायचं ठरलं होतं. दुपारभर विचार केला.

मी दर शनिवारी आले तर बाबा दर शनिवारी दारात बसून वाट बघणार, बस्स. पुलाच्या अलीकडेच म्हातारे होणार. उद्या सकाळच्या बसने जाते. संध्याकाळी त्यांना सांगितलं — गाडी तुमच्याकडे ठेवते. या शनिवारी मी येणार नाही. तुम्ही या.

"मी?" म्हणाले.

किल्ली त्यांच्या चष्म्याच्या डबीवर ठेवली आहे. फार कठोर वागतेय का मी?

२२ नोव्हेंबर, शनिवार. चंद्रपूर

साडेबाराला दवाखान्याच्या फाटकासमोर ओळखीचा हॉर्न! मी आधी काटा पाहिला. पाऊण टाकीच्याही वर. मग बाबांकडे पाहिलं.

"पुलावर थांबलो होतो जरासा," म्हणाले. "म्हणून उशीर झाला."