जांभळा सदरा, पांढरे टाके

प्रिय रजत,

'प्रिय' लिहिलंय ते केवळ रीत म्हणून. बापूजींच्या तेरवीला, पुंडलिककाकांसकट सगळी पंगत बसलेली असताना तू आईला म्हणालास, "बापूजीले वर्षानुवर्षं अबोल्यात ठेवलं तुनं, आता काऊन रडून राह्यली?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि ती आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशीही बोलेना. तू मात्र वर्ध्याहून गाडी धरून पुण्याला पोचलाससुद्धा.

वर तुझा निरोप काय, तर बापूजींचा एक पांढरा सदरा आठवण म्हणून पाठव! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, घे सदरा, पण पांढरा नाही मिळणार. दिवाळीत तू इथे कापडं रंगवण्याचे प्रयोग केलेस, अंगणभर डाग पाडलेस आणि उरलेल्या पुड्या कोठीत टाकून गेलास ना, त्याच काढल्या. निळी, मरून, थोडीशी हिरवी, सगळ्या चुलीवरच्या एकाच गंजात, त्या मोठ्या पातेल्यात ओतल्या. मीठ टाकलं, पाणी उकळलं आणि काठीनं सदरा असा ढवळला की तू समोर नव्हतास तेच बरं. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झालेत. बाजारात वांगी विकायला बसले की गिऱ्हाइकं वांग्यांऐवजी हातच बघतात.

सदरा दोरीवर टाकला आणि बघतच राहिले. रंग पिकल्या जांभळाचा आला, पण त्यावर जागोजागी पांढरे टाके. तूच सांगितलं होतंस, सुती कापडाला हा रंग धरतो, पॉलिस्टरच्या दोऱ्याला नाही. कॉलर, कोपर, खिशाचा काठ. भाजीचं पोतं ज्या खांद्यावर असायचं, तो खांदा तर टाक्यांनीच भरलेला. पांढऱ्यावर पांढरं, आपल्याला कधी दिसलंच नाही. तो बारीक तिरका टाका आईचाच, आपल्या दप्तरांवर असायचा तोच. बापूजी एखादा सदरा खुंटीला उलटा टांगायचे आणि आपण त्यांच्या वेंधळेपणाला हसायचो, आठवतं? आता उमगलं, उलटा म्हणजे फाटलाय, शिवून दे. ते बाजारात गेले की ती शिवून सरळ टांगायची. एवढी वर्षं हे चाललं होतं आणि आपण त्याला नुसता अबोला म्हणत होतो.

आई बाहेर आली आणि माझ्यावरच खवळली, "काऊन रंगवला वं? दिसून राह्यलं ना आता सारं!" तेरवीनंतरचं तिचं पहिलं वाक्य. मग दोरीखाली बसून खूप रडली. मला तुझा इतका राग आला की काय सांगू.

तोच सदरा सोबत पाठवतेय. मी नीट सरळ घडी घातली होती. आईनं पार्सलमधून काढला, उलटा केला आणि तसाच परत ठेवला. उलट्या सदऱ्याचा अर्थ तुला आता ठाऊक आहे. या वेळी फाडलंयस तू. शिवायला ये.

तुझीच,
अजून न निवळलेली
मंजुताई