शाळेमागचा उतार

सांता रीता, ३ ऑगस्ट १९८६

ती. झुल्मिरा मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, मी तोंडानेच संकट ओढवून घेतलंय. दर वर्षी जानेवारीच्या पावसाळ्यात शाळेमागच्या उताराची तांबडी माती घसरते. यंदा ती शाळेतल्या माझ्या स्वयंपाकघरात शिरली, काळ्या घेवड्याच्या हंड्यापर्यंत! परवा सभेत वाल्दोमिरो गवंडी म्हणाला, उतार सिमेंटने मढवू. मी उठले आणि म्हणाले, जमिनीवर पसरणाऱ्या पिवळ्या फुलांच्या भुईमूगवेलीने मी तो झाकते. सगळे हसले. स्वयंपाकीणबाई आता डोंगराला फोडणी देणार, असं वाल्दोमिरो म्हणाला.

तुला पत्र लिहिणार म्हटल्यावर आईने अंगणातल्या वेलीला हातही लावू दिला नाही. मग चर्चमागच्या वेलीचे तीनशे तुकडे आणून उतारावर खोचले. आठ दिवसांत सगळे काळे पडले. काय चुकलं?

माया आहेच, उत्तर मात्र लवकर दे.
तुझी इव्होनेती


मोंते आल्तो, ११ ऑगस्ट

चि. इव्होनेतीस अनेक आशीर्वाद.

तू फुलांचे शेंडे कापलेस, खरं ना? फुलावर आलेली काडी मुळं धरायला आळशी. जून, बिनफुलांची काडी घे, वीतभर. मूळ पेरातूनच फुटतं, म्हणून पेराच्या जरा खाली काप. खालची पानं काढ, दोन पेरं मातीत, दोन वर. आणि उतारावर एकदम नको! आधी सावलीत वाफे कर, माती ओली ठेव, पण चिखल नको. मुळं धरली की मग उतार.

बुधवारच्या बसने ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन पोती काड्या पाठवतेय. रोपवाटिकेत वीस वर्षं हेच केलंय, तेव्हा वाल्दोमिरोला हसू दे.

ताईचा राग मला ठाऊक आहे. बाबांच्या मातीला मी आले नाही. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझी बस चुकली होती गं, बाकी काही नाही. मग तोंड दाखवायची लाज वाटली, आणि त्या लाजेत दहा वर्षं गेली.

जिवाला जप.
मावशी


सांता रीता, २७ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

दहातल्या नऊ काड्या जगल्या! हळूच ओढून पाहिलं, माती सोडत नाहीत. आजपासून उतारावर लावतेय.

एक गंमत सांगते. मी पोचायच्या आधीच वाफे रोज ओले दिसायचे. मंगळवारी लवकर गेले, तर आई झारी घेऊन उभी. म्हणे, शेजारणीची कोंबडी शोधायला आले होते. कोंबडी झारीने शोधतात का, असं विचारल्यावर मला दोन शिव्या मिळाल्या. तेव्हाच मी तिला बस चुकल्याचं सांगितलं. उरलेला वाफा तिने पूर्ण शिंपला.

तुझी इव्होनेती


सांता रीता, १८ जानेवारी १९८७

चि. झुल्मिरास आशीर्वाद.

इतक्या वर्षांनी तुला चि. लिहितेय.

गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस कोसळला. रस्त्याकडची दरड खाली आली, शाळेमागचा उतार जागचा हलला नाही. वरच्या बाजूला खाटेएवढा तुकडा उघडा राहिला होता, तेवढाच सुटला. वाल्दोमिरो भर पावसात पाहून गेला आणि विहिरीकडेला लावायला काड्या मागू लागला. तुझी भाची आता रस्त्याने कशी चालते ते बघायला हवंस.

एक सांगते. तू काड्या उभ्या लावायला सांगितल्यास. खालच्या चार ओळी मी गुपचूप आडव्या पुरल्या, आणि त्या जास्त दाट आल्यात. मुलीला सांगू नकोस.

आणखी एक. मातीच्या दिवशी पाद्री रागावले, माणसं ताटकळली, तरी मी दोन तास बाबांची पेटी उचलू दिली नव्हती. प्रत्येक बसकडे बघत होते. म्हणून राग होता.

शनिवारी सकाळच्या बसने ये. ती चुकली तर दुपारच्या. मी थांब्यावरच आहे.

तुझी ताई,
दोर्वालिना