टाचणी लावलेली पानं

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. गरजच कधी पडली नाही. अठ्ठावन्न वर्षं आपण एकत्र राहिलो. बोललो किती, ते तुलाही माहीत आहे.

आज लिहितोय ते वाचनालयातल्या कुंटेबाईंमुळे. दौलतगंजातल्या आपल्या वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आलाय. दर वर्षी सभासद आवडलेल्या पुस्तकावर पाच-दहा ओळी लिहून देतात आणि त्या फळ्यावर लावतात. तू न चुकता लिहायचीस. यंदा कुंटेबाई म्हणाल्या, "मधुकरराव, काकूंच्या जागी तुम्ही लिहा. ती निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी तुम्ही त्यांना वाचून दाखवलीत ना? तिच्यावरच लिहा."

चार दिवस कोरा कागद घेऊन बसलो. मी ऑफिसात फायलींवर नोटशीट लिहिणारा माणूस. 'ही कादंबरी प्रत्येकाने जरूर वाचावी' एवढं एक वाक्य लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी कोण सांगणारा? तुला वाचून दाखवली तेव्हा मी ती अर्धीच वाचली होती.

हे तुला सांगायची गरज नाही, हे मला आता कळलंय. पण मला सांगायचं आहे.

तुझी नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी वाचन बंद म्हणून सांगितलं, त्याला आठवडा झाला. मग एक दिवस तू नातीला, कनूला, बरोबर घेऊन वाचनालयात गेलीस. परत आलीस ती हे पुस्तक घेऊन. माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, "रोज अर्धा तास. तुला फुरसत असेल तर." ते 'फुरसत असेल तर' तू अशा सुरात म्हणायचीस, की नाही म्हणायची सोयच नसायची!

मला नवल वाटलं होतं. घरात वाचणारी कनू होती, तिची आई होती. मलाच का?

कादंबरीत दोन काळ होते. एका प्रकरणाच्या माथ्यावर 'आता', पुढच्याच्या माथ्यावर 'तेव्हा', असं आलटून पालटून. 'आता'मध्ये एक तरुण मुलगी नदीकाठच्या गावी आजीकडे राहायला येते. आजी फारशी बोलत नाही. रोज दिवेलागणीला एक बादली पाणी तापवते, ते तसंच निवू देते आणि शेवटी अळवाला घालते. 'तेव्हा'मध्ये तीच आजी तरुण आहे, तिला दोन मुलगे आहेत.

पहिलं 'तेव्हा' मी तुला वाचून दाखवायच्या आधी एकट्यानं चाळलं. कागद पुढे पाठवायच्या आधी चाळायची सवय, दुसरं काय? तिसऱ्याच पानावर थोरला मुलगा पोहायला गेला. मी पुस्तक मिटलं.

आपल्या घरात सत्तेचाळीस वर्षं दादाचं नाव निघालं नव्हतं. सतरा वर्षांचा दादा मित्रांबरोबर तिघऱ्याच्या धरणावर गेला आणि संध्याकाळी लोकांनी त्याला जीपमधून आणलं. तेरावा झाला त्या दिवशी अण्णा म्हणाले, "आजपासून या घरात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही." वर्षभरात आपण दौलतगंज सोडून शहरातल्याच नव्या हिंदी वस्तीत, हरिशंकरपुरमला आलो. इथे आपल्याला ओळखणारं कुणी नव्हतं. शेजारच्यांनी विचारलं, "बच्चे कितने हैं?" अण्णा म्हणाले, "एक ही लड़का है." तू शेजारीच उभी होतीस आई. तू मान हलवलीस.

मी बारा वर्षांचा होतो. एका वाक्यात मी एकुलता एक झालो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तेच आहे.

तर मी ती 'तेव्हा'ची पानं टाचून टाकली. ऑफिसात नको असलेले कागद टाचतात, तशी. प्रत्येक 'तेव्हा'ला एक टाचणी, म्हणजे सगळी पानं एकदम पलटतात आणि मला उशीर झाला आणि कनू वाचायला बसली, तरी तीही चुकून तिथे शिरत नाही. अकरा टाचण्या लागल्या. तुला त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? तू दादासाठी रडलेली मला बघायची नव्हती. मी रोज तुझ्या उशाशी बसणार, घसा कोरडा करणार, आणि तू रडणार त्याच्यासाठी? इतका हिशेबी होतो मी. राग आला तर येऊ दे.

कॉलनीत माझं किती कौतुक व्हायचं! "आजकाल कोण एवढं करतं? अगदी श्रावणबाळ आहे मधू." तू ऐकायचीस आणि म्हणायचीस, "हो, वाचतो बिचारा." त्या 'बिचारा'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तो दिवस आठवतो? कनू पायाशी बसली होती आणि मी आजीच्या बादलीचं वाचत होतो. कनू फिसकन हसली. "बाबा, ये आजी पागल आहे का? रोज पानी गरम करते, फिर ठंडा करते!"

मीही हसलो. म्हटलं, "आपल्याकडे असती तर सिलेंडर पंधरा दिवसांत संपला असता."

तू हसली नाहीस. "हसायला काय झालं? असेल तिचं काही."

"काय असेल, आजी?"

"बाबाला विचार. पुस्तक त्याच्या हातात आहे."

मी पान पलटलं.

आणि दुसरा एक दिवस. तो तर मला आता जेवतानाही आठवतो. मी ऑफिसातून आलो तर पुस्तक तुझ्या मांडीवर होतं, उघडलेलं. तुझ्या औषधांच्या डब्याशेजारी एक टाचणी पडली होती. तू पानावर बोट ठेवून म्हणालीस, "मधू, आज इथून वाच."

मी बघितलं. माथ्यावर 'तेव्हा' होतं.

मी म्हणालो, "आई, ते वाचून झालंय आपलं."

तू बोट उचललंस. म्हणालीस, "बरं."

एवढंच! 'बरं'. मग मी पुढचं 'आता' वाचलं, आणि तू झोपल्यावर ती टाचणी उचलून परत लावली. तुझ्याच पायाशी उभं राहून लावली.

कादंबरी संपली तेव्हा तू विचारलंस, "कशी वाटली?" मी म्हणालो, "ठीक. जरा संथ आहे. शेवटी ती मुलगी त्या पाण्यानं आजीचे पाय धुते, त्यात एवढं काय, ते कळलं नाही." तू म्हणालीस, "अर्धीच कळली तुला." मला राग आला. वाटलं, इतके दिवस वाचून दाखवलं आणि वर अक्कल काढते! दोन दिवस मी तुझ्याशी कामापुरतंच बोललो. तुला ते जाणवलं असेलच, पण तूही काही बोलली नाहीस. आपल्या घरची रीतच ती.

दोन महिन्यांनी तू गेलीस. तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "एकुलत्या एक मुलानं सगळं नीट केलं." मी मान हलवत होतो. अगदी तुझ्यासारखी.

मग पुस्तक परत करायला वाचनालयात गेलो. टाचण्या काढायच्या राहून गेल्या होत्या. कुंटेबाईंनी पुस्तक उघडलं आणि चष्मा वर केला.

"अहो मधुकरराव, हे काय? ही पानं टाचलीत कशाला?"

मी म्हणालो, "आईला त्रास नको म्हणून. दुःखाची होती ना ती. तिला माहीत नव्हतं."

"काकूंना माहीत नव्हतं?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, डोळे चांगले होते तेव्हाच काकूंनी ही दोनदा नेली होती. तिसऱ्यांदा मागायला आल्या तेव्हा मी म्हटलं, काकू, आता नवं काही न्या ना. तर म्हणाल्या, 'मला नकोय गं. माझ्या मुलाला वाचायची आहे.'"

आई, मी काउंटरजवळच्या खुर्चीत बसलो. बाईंनी पाणी दिलं. पुस्तक मी पुन्हा माझ्या नावावर घरी आणलं.

अकरा टाचण्या काढल्या. काहींना गंज चढला होता, पानांवर तांबडे डाग पडलेत. मग सगळी 'तेव्हा' वाचली. आता बादलीचं कळलं. थोरला नदीवरून भिजून, कुडकुडत यायचा, म्हणून ती बाई पाणी तापवून ठेवायची. त्या दिवशीही ठेवलं होतं. आणि त्या दिवशी नवऱ्याच्या नकळत तिनंच त्याला पाठवलं होतं. "जा, पण वडील यायच्या आत ये," म्हणाली होती.

हे तुला मला सांगायचं होतं ना?

मग आता माझं ऐक. मला माहीत होतं. दौलतगंजच्या घरात मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. तू दादाला पुऱ्या बांधून दिल्यास आणि म्हणालीस, "अण्णांना मालूम व्हायच्या आत परत ये." अण्णा समजत होते, दादा मुरारला मित्राकडे अभ्यासाला गेलाय. मी अण्णांना कधी सांगितलं नाही. हा माझा मोठेपणा, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पण मला माहीत आहे, हे मी तुलाही सांगितलं नाही. तू एकटीच ते घेऊन बसलीस आणि मी ते माहीत असून समोर बसून जेवत राहिलो. आई, मी तुला माफ केलं नव्हतं. हे मला ती पानं वाचेपर्यंत कळलंही नव्हतं.

आणि तू! तुला तोंड नव्हतं का? अण्णा जाऊन दहा वर्षं झाली. दहा वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, "मधू, बस. मला दादाबद्दल बोलायचंय." ज्यानं जन्मात धड एक पुस्तक वाचलं नाही, त्याच्या हातात कादंबरी देतेस? आणि मी लबाडी करतोय हे कळल्यावर 'बरं' म्हणतेस? कान धरायचास माझा! त्या टाचणीनं टोचायचंस! इतकी समजूतदार कशाला झालीस? तुझ्या समजूतदारपणाचं मी आता काय करू?

हे वाचून वाटेल की मी तुझ्यावरच ढकलतोय. थोडं ढकलतोयच. सगळं एकट्याला झेपत नाही.

वाचनालयासाठी शेवटी चार ओळी लिहिल्या. तुला ऐकवतो. 'ही कादंबरी एका घराची, त्यातल्या दुःखाची आणि उशिरा आलेल्या आशेची आहे. ती एकट्याने वाचू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी आणि एकही प्रकरण गाळू नये. वाचताना त्यांनी मध्येच काही बोलायला सुरुवात केली, तर पुस्तक मिटावे आणि ऐकावे.' कुंटेबाई म्हणाल्या, "छान लिहिलंत."

शेवटच्या ओळीत तू नेहमी पुस्तकाला गुण द्यायचीस. मी दिले नाहीत. तो अधिकार मला नाही.

कनूनं काल विचारलं, "बाबा, आजीचं बुक फिर से का आणलं?" मी म्हटलं, "अर्धं राहिलंय." ती म्हणाली, "तुम्ही तर खतम केलं होतं!"

येत्या रविवारी तिला तुझ्या पलंगावर बसवून ती अकरा प्रकरणं मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्यापासून. तिला बादलीचं सांगायचंय. मग पुऱ्यांचं सांगीन. तिला एक काका होता, त्याचं नाव विजय होतं, हे सांगीन. ती रडली तर रडू देईन. मी रडलो तरी पान पलटणार नाही. एवढं वचन देतो. तुझ्यापर्यंत पोचण्याइतकं ते मोठं आहे की नाही, मला माहीत नाही.

तुझा धाकटा मुलगा,
मधू